गोळ्यांचा उपास आणि दाण्याची आमटी

पत्राचा सारांश: लिहिणारी ३४ वर्षांची, नोकरीमुळे ठाण्यात. आई-वडील सातारा जिल्ह्यात गावी. वडील ६६ वर्षांचे, एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त. आठ महिन्यांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. रोजच्या सहा गोळ्या: रक्त पातळ ठेवणाऱ्या ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉलची ॲटोरव्हास्टॅटिन, बीपीची ॲम्लोडिपिन, साखरेची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची एक. वडील सोमवार-गुरुवार उपास करतात आणि गेले तीन महिने त्या दोन दिवशी गोळ्यांचाही उपास धरतात. "ही केमिकलं अंगात साठतात, लिव्हरला आठवड्यातून दोन दिवस सुट्टी पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. सोमवारी संध्याकाळी बीपी मोजून दाखवतात आणि ते नॉर्मल येतं. गोळ्यांऐवजी गुळवेल, सुंठ, मिरीचा काढा घेतात. गुडघा दुखला की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणतात. मावसभावाला त्याच सुमारास स्टेंट बसला, पण त्याची गोळी वेगळी आणि दोन वेळा घ्यायची, "म्हणजे डॉक्टर अंदाजानेच देतात." गेल्या महिन्यात लेकीला कळलं, की उपासाच्या दिवशी आई त्याच गोळ्या खलबत्त्यात कुटून दाण्याच्या आमटीत घालते. "बाबांना सांगू की गप्प बसू? त्यांचा हट्ट कसा मोडू? समाधानासाठी एखादं लिव्हर डिटॉक्स पॅकेज घेऊन देऊ का?"

तुमच्या पत्रात मी खलबत्त्यापाशी अडले. बाकीचं सगळं नंतर, आधी आमटी थांबवा. पुढच्या उपासापर्यंतही वाट बघू नका, आज संध्याकाळी आईंना फोन करा.

आईंना मी दोष देत नाहीये. आठ महिन्यांपूर्वी त्या आयसीयूच्या बाहेर बसल्या असतील, तेव्हापासून त्यांना धड झोप नसेल. पण औषध म्हणूनही हा उपाय चालत नाही. ॲसिडिटीच्या गोळीवर बहुधा एक लेप असतो. पोटातल्या आम्लात ती विरघळू नये, पुढे आतड्यात जाऊन फुटावी, म्हणून तो असतो. खलबत्त्यात लेप गेला की औषध आम्लात नासतं. ॲस्पिरिनवरही बहुतेक वेळा असाच लेप असतो. मेटफॉर्मिनच्या पाकिटावर एस.आर. किंवा ई.आर. लिहिलेलं असेल, तर ती गोळी दिवसभर हळूहळू झिरपावी अशी बनवलेली असते. कुटली की सगळा डोस एकदम सुटतो. शिवाय आमटी कुणी किती वाढून घेतली याचा हिशोब कोण ठेवणार? सुट्टीत नातवंडं आली, त्यांनी वाटीभर ओढली तर? आणि मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती वेगळीच. एखाद्या गुरुवारी बाबांना दवाखान्यात न्यावं लागलं, तर ते प्रामाणिकपणे सांगतील, "आज काही घेतलेलं नाही." डॉक्टर त्यावर विसंबून पुढचा निर्णय घेतील.

आता हट्टाबद्दल. तुम्ही धरून चालला आहात, की बाबांचं अज्ञान ही अडचण आहे आणि ते मोडून काढायचंय. मला तसं दिसत नाही. मी फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवायचे. पहिल्या तासाला फळ्यावर एकच ओळ लिहायचे: गोळी गेली कुठे? बाबा तेच विचारताहेत. रोज सहा गोळ्या म्हणजे वर्षाला दोन हजारांच्या वर, या सगळ्या जातात कुठे? त्यांना कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून त्यांनी स्वतःच्या अनुभवातून एक तयार केलं. घाट चढल्यावर इंजिन थंड करायला लागतं, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. प्रश्न रास्त आहे, उत्तर चुकलंय. तेव्हा "डॉक्टरांनी सांगितलंय ना, मग घ्या" हे वाक्य सोडून द्या आणि त्यांना खरंखुरं उत्तर द्या. ते समजण्यासारखं आहे.

गिळलेली गोळी आतड्यातून रक्तात जाते, पण ते रक्त थेट हृदयाकडे जात नाही. आधी यकृतात जातं. आतड्याकडून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मालाला हा जकात नाका ओलांडावा लागतो, आणि शहरांतले नाके उठले तरी हा उठलेला नाही. काही औषधांचा बराचसा भाग पहिल्याच फेरीत तिथे कापला जातो. छातीत कळ आली तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट बाबांना दिली असेल. ती गिळायची का नसते, हे त्यांना विचारून बघा. जिभेखालून ती नाका चुकवून लगेच रक्तात शिरते.

नाक्यावर नेमकं काय होतं, ते आईंना पटकन कळेल. पुरी तळलेली कढई नुसत्या पाण्याखाली धरली तर तेल सुटतं का? बहुतेक औषधं अशीच तेलकट स्वभावाची असतात, नाहीतर आतड्याच्या भिंतीतून आत शिरलीच नसती. मूत्रपिंडाकडे मात्र धुवायला पाणीच असतं. तेलकट वस्तू तिथून परत रक्तात येते. म्हणून यकृत त्या रेणूवर आधी एक खाच पाडतं, मग त्या खाचेत पाण्यात विरघळणारा तुकडा अडकवतं. झालं, आता ती लघवीतून किंवा पित्तावाटे बाहेर. खाच पाडणाऱ्या कामगारांचं नाव सायटोक्रोम पी-४५०. ओमुरा आणि सातो या जपानी शास्त्रज्ञांनी १९६२ साली हे नाव दिलं, कारण कार्बन मोनॉक्साइडशी जोडल्यावर हे द्रव्य ४५० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं. माणसात अशा विकरांची, म्हणजे एन्झाइम्सची, ५७ जनुकं आहेत.

ही यंत्रणा गोळ्यांसाठी तयार झालेली नाही. वनस्पती आपल्या बचावासाठी जी कडू, तिखट, विषारी द्रव्यं बनवतात, ती पचवण्यासाठी ती गोळ्यांच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. लोणच्याच्या किंवा सरबताच्या बाटलीवर सोडियम बेंझोएट लिहिलेलं असतं. ते पोटात गेलं की यकृत त्याला ग्लायसिन जोडतं आणि त्याचं हिप्युरिक ॲसिड होऊन लघवीतून निघून जातं. बेंझोइक ॲसिड घेतलं की लघवीत हिप्युरिक ॲसिड येतं, हे १८४१ साली लंडनच्या अलेक्झांडर युअर या डॉक्टरने दाखवलं होतं. तुमच्या बाबांचं यकृत प्रत्येक लोणच्याच्या फोडीमागे हेच करतं, सोमवारीही करतं. त्याला सुट्टी कशी देणार? उपासाची मिरची, जिरं, चहा, सगळं त्याच नाक्यावरून जातं. आणि हे काम करून विकरं इंजिनासारखी तापत नाहीत.

"साठतं" याचं उत्तर त्यांच्याच भाषेत द्या. सातारा-स्वारगेट गाडी कात्रजला भरलेली दिसली, म्हणजे साताऱ्याला चढलेलेच सगळे बसलेत का? भुईंजला काही उतरले, शिरवळला काही चढले. चढणारे आणि उतरणारे सारखे झाले की गाडीतली गर्दी एका पातळीवर राहते. रोजच्या गोळीचं असंच असतं. सुरुवातीचे काही दिवस रक्तातली पातळी वाढते, मग जितकं आत जातं तितकंच बाहेर पडू लागतं. डॉक्टर डोस ठरवतात तो ही उतरणाऱ्यांची गती धरूनच. ज्याने तीस वर्षं वेबिल लिहिलंय, त्याला हा हिशोब माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा लवकर कळेल.

मग सोमवारचं नॉर्मल बीपी? तो बाबांचा हुकमी पत्ता आहे, म्हणून त्याच्यावर थोडं थांबते. ॲम्लोडिपिन फार सावकाश उतरणारा प्रवासी आहे. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायला ३० ते ५० तास लागतात. सोमवारी संध्याकाळी मशीनवर जो आकडा येतो, तो रविवारच्या आणि शनिवारच्या गोळीचा, आणि आमटीतून काही पोटात गेलं असेल तर त्याचाही. गोळी न घेता बीपी नीट राहिलं असं त्यांना वाटतं, प्रत्यक्षात त्या वेळी औषध अंगात काम करतच असतं. हे त्यांना चिडवून सांगू नका. प्रयोग करून बघावा, मोजावं, हे त्यांना सुचलं याचं मला कौतुक वाटतं.

क्लोपिडोग्रेलची गोष्ट अगदी उलटी आहे आणि खरी काळजी तिचीच आहे. ही गोळी गिळताना निष्क्रिय असते. तिचा सुमारे ८५ टक्के भाग शरीर वाटेतच निकामी करून टाकतं. उरलेल्यातून यकृत काम करणारं औषध तयार करतं. म्हणजे बाबा ज्या यकृताला गोळीपासून वाचवायला निघालेत, तेच या गोळीचा कारखाना आहे. तयार झालेलं औषध रक्तातून चटकन नाहीसं होतं, पण जाण्याआधी रक्ताची गुठळी करणाऱ्या प्लेटलेट्सना कायमचं बांधून ठेवतं. प्लेटलेट जगते सात ते दहा दिवस. रोज नव्या तयार होतात आणि त्यांना बांधायला रोजची गोळी लागते. सोमवारी गोळी नाही म्हणजे त्या दिवशीच्या नव्या प्लेटलेट्स मोकाट. ॲस्पिरिनही त्यांना वेगळ्या वाटेने पण असंच कायमचं बांधतं, आणि उपासाला तेही बंद. एखादा दिवस चुकला म्हणून आभाळ कोसळत नाही. पण ठरवून आठवड्यातून दोनदा, तेही पहिल्याच वर्षात, हे फार महागात पडू शकतं. स्टेंटच्या जाळीत अचानक गुठळी होण्याच्या मोठ्या कारणांत या गोळ्या मुदतीआधी सोडणं हे आहे.

मेटफॉर्मिनला तर यकृत हातही लावत नाही. ती जशीच्या तशी मूत्रपिंडातून बाहेर जाते. लिव्हरच्या विश्रांतीसाठी ती सोडणं म्हणजे शेजारच्या डेपोची गाडी रद्द करणं. हां, मूत्रपिंड मंद झालं असेल तर मेटफॉर्मिन खरोखर साठू शकते. साठण्याची भीती या एका ठिकाणी खरी आहे आणि तिच्यासाठी क्रिएटिनिनची साधी तपासणी असते.

मावसभावाचं कोडंही इथेच सुटतं. क्लोपिडोग्रेल जागं करणाऱ्या कामगारांतला मुख्य, सीवायपी-२सी१९, सगळ्यांकडे सारखा नसतो. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत निम्म्याहून अधिक जणांकडे त्याच्या जनुकाची निदान एक प्रत तरी कमजोर असते. शिवाय स्टेंट कुठे बसला, झटका केवढा होता, रक्तस्रावाचा धोका किती, हे प्रत्येकाचं वेगळं. काहींना डॉक्टर टिकाग्रेलॉर देतात. तिला यकृताने जागं करावं लागत नाही आणि ती दिवसातून दोनदा घ्यायची असते. भावाची गोळी बहुधा तीच असावी. दोघांना सारखंच औषध दिलं असतं, तर अंदाजाचा आरोप जास्त शोभला असता. हे वाचून लगेच जनुकीय चाचणीच्या मागे लागू नका. बाबा गोळी रोज घेत नसतील तर त्या चाचणीचा काय उपयोग? ॲसिडिटीची गोळी कुठली आहे ते मात्र बघा. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल हाच कामगार अडवून धरतात, म्हणून क्लोपिडोग्रेलबरोबर ती टाळतात. पँटोप्राझोलचा तितका त्रास नाही. पाकिटावर पहिल्या दोनांपैकी एखादं नाव दिसलं तर स्वतः बंद न करता डॉक्टरांना फोन करा.

काढ्याबद्दल मी जरा सावधपणे लिहिते, कारण या विषयावर लोक लगेच दोन गट करतात. आयुर्वेदात अनुपान ही कल्पना आहे: औषध कशाबरोबर घ्यायचं, त्याने त्याचा गुण बदलतो. मिरीने हे प्रयोगशाळेतही सिद्ध केलंय. मिरीतलं पिपेरिन औषधं मोडणाऱ्या विकरांना आवरतं. जम्मूच्या सीएसआयआर संस्थेत यावरच काम झालं आणि २००९ साली क्षयाची एक गोळी बाजारात आली. तिच्यात पिपेरिन घातल्यामुळे रिफाम्पिसिनचं प्रमाण ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणता आलं. म्हणजे काढा ताकदवान आहे, हे बाबांचं म्हणणं मला मान्यच आहे. ताकदवान आहे म्हणूनच तो सहा गोळ्यांच्या जोडीला न सांगता घेऊ नये. फोडणीतल्या चार मिऱ्यांना घाबरू नका. रोजचा दाट काढा वेगळा.

गुळवेलीचं प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की वेल ओळखण्यात चूक झाली असेल. टायनोस्पोरा क्रिस्पा ही दिसायला जवळची वेल असते. मला विचाराल तर बाबांच्या बाबतीत दोन्हींतून एकच निघतं. कुंपणावरची वेल नेमकी कुठली, हे कुणी पाहिलंय? यकृत जपायला म्हणून ते जे पितात, त्याची तरी खात्री हवी. (पपनसाचंही सांगून टाकते, गणपतीत विचारणारे असतात. ॲटोरव्हास्टॅटिन मोडणारं विकर ग्रेपफ्रूटच्या रसाने अडतं, आणि पपनस हे ग्रेपफ्रूटचं जन्मदातं फळ. प्रसादाच्या दोन फोडी खुशाल खा, रोज अख्खं फळ नको. संत्र्यांना ही अडचण नाही.)

सगळ्या पत्रात मला सर्वांत खटकलेली गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकली आहे, ती म्हणजे गुडघ्याची गोळी. गिधाडं आठवतात? गुरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं. गाईचं शरीर ते पचवतं, आपलंही पचवतं, गिधाडाला ते लवकर हटवता येत नाही आणि त्याची मूत्रपिंडं बंद पडतात. भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक घटली, तेव्हा २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. माणूस गिधाड नाही, हे खरं. पण हृदयरोग असलेल्यांनी डायक्लोफेनॅक घेऊ नये, असं युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ सालीच सांगितलंय. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्यांबरोबर ते घेतलं तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो आणि मूत्रपिंडावर ताण म्हणजे पुन्हा मेटफॉर्मिन. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या सहा गोळ्यांचा बाबांना संशय आणि कुणीही लिहून न दिलेल्या सातव्या गोळीचा नाही! अशी घरं मी खूप पाहिली आहेत. कारण ती गोळी अर्ध्या तासात आराम देते, बाकीच्यांचं काम दिसत नाही.

गुडघ्यासाठी तोवर पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते, पण डॉक्टरांना विचारून आणि मोजून. तिचा लहानसा भाग यकृतात गेल्यावर विषारी होतो. ते विष निवारणारं ग्लुटाथायोन यकृताकडे असतं, पण मर्यादित. म्हणून धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही, वयस्कर आणि दारू घेणाऱ्यांना त्याहून कमी. सर्दीच्या गोळीतही बहुधा तीच असते, तेव्हा दोन्ही पाकिटांच्या मागचं बारीक अक्षर वाचायचं.

डिटॉक्स पॅकेज घेऊ नका. त्या पैशात यकृताची एसजीपीटी, मूत्रपिंडाची क्रिएटिनिन आणि बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी होईल. बी-१२ अशासाठी, की मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकतं, आणि बाबा शाकाहारी असतील तर अधिकच. रिपोर्ट बाबांच्या हातात द्या. लिव्हर खराब होतंय की नाही, ते त्यांना अंदाजाने ठरवायला लागू नये.

आता सांगायचं की गप्प बसायचं. गप्प बसणं आज सोपं आहे, पण आमटीची चव कधीतरी फसवणारच. त्या दिवशी बाबा गोळ्यांबरोबर घरचं जेवणही संशयाने बघू लागतील. तुम्ही परस्पर सांगितलंत तर आई उघड्या पडतील आणि पुढची दहा वर्षं त्या दोघांना एकाच स्वयंपाकघरात काढायची आहेत. माझ्या मते आईंनी स्वतः सांगावं, तुम्ही फक्त शेजारी बसा. "मला भीती वाटत होती" एवढं वाक्य पुरे. बाबा चिडतील, दोन दिवस बोलणार नाहीत. नंतर कधीतरी भीती त्यांनाही वाटते हे बोलतील, असा माझा होरा आहे. गोळ्यांचा उपास करणारा माणूस बहुतेक वेळा आजारातून दोन दिवसांची सुटका शोधत असतो.

मग पुढच्या तपासणीला तुम्ही सुट्टी काढून जा. सगळी पाकिटं, काढ्याचं सामान आणि ती गुडघ्याची गोळी एका पिशवीत भरून टेबलावर ओता. बाबांना स्वतः सांगू द्या, की ते सोमवार-गुरुवार गोळ्या घेत नाहीत. डॉक्टर रागावले तर रागावू देत. दोन गोष्टी मुद्दाम विचारा. उपासाच्या दिवशी मेटफॉर्मिनची वेळ आणि प्रमाण काय ठेवायचं, कारण रिकाम्या पोटी ती मळमळ आणते आणि उपासाला थोडा बदल करता येतो. आणि सहापैकी एखादी कमी करता येईल का, की दोन औषधं एका गोळीत मिळतील. याला नाही म्हणाले तरी बाबांचं म्हणणं कुणीतरी ऐकलेलं असेल.

सोमवारचा उपास त्यांना करू द्या. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल पाण्याच्या घोटाबरोबर उपासाला चालतात, हे त्यांच्याच देवळातल्या गुरुजींकडून वदवून घेता आलं तर उत्तम. माझ्यापेक्षा त्यांचं ऐकतील. आईंना सांगा, खलबत्ता स्वच्छ धुऊन ठेवा आणि यापुढे त्यात फक्त दाणे आणि जिरं कुटा.